२२ एकर माळ वन्यजीवांसाठी द्यायचा आहे : राज्य वन्यजीव मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ

विषय : खासगी मालकीचा माळ समुदाय राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्याबाबत

सविनय नमस्कार.

करमाळा तालुक्यात आम्हा तिघा भावंडांच्या नावावर २२ एकर १४ गुंठे माळ आहे. त्यात विहीर नाही, बोअर नाही. बांधावर थोडे हिवर आणि ओढ्याच्या कडेनं बोरी-बाभळी, बाकी सगळं गवत. हा माळ आम्हाला लांडगा, खोकड, काळवीट, टिटवी, धाविक यांच्यासाठी कायमचा राखून ठेवायचा आहे. मोबदला नको. सातबाऱ्यावरून आमची नावं काढावी लागली तरी चालेल, आणि नावं ठेवून राखणीची जबाबदारी दिली तर ती आनंदानं घेऊ. एवढंच म्हणणं घेऊन आम्ही बरेच दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो आहोत. शेतकऱ्यानं अशी जमीन नेमकी कुणाच्या हाती द्यायची, हे मात्र अजून आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मुख्यमंत्री आपल्या मंडळाचे अध्यक्ष असतात, वनमंत्री त्यात असतात आणि जाणकार मंडळीही. आपण ठरवलंत तर वाट निघेल, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आमचं कुळ मूळ भीमाकाठचं. नदीच्या मळईत आमचं रान होतं. पावसाळ्यात पूर येऊन जायचा, मागं गाळ ठेवायचा, आणि त्या ओलीवर हरभरा आणि गहू वरच्या पाण्याशिवाय यायचे. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं. माळ होता तो गावापासून लांब, वर, मुरमाड. वाटण्या करताना तो कुणी आवडीनं मागत नसे. ज्याच्या वाट्याला नदीकाठ कमी आला, त्याची समजूत घालायला माळ द्यायचा, अशी रीत. आमच्या आजोबांच्या वाट्याला दोन्ही आलं, थोडा नदीकाठ आणि बराचसा माळ.

१९६६ साली उजनी धरणाचं काम सुरू झालं. मग कागद येऊ लागले. भूसंपादनाच्या नोटिशीवर आजोबांनी अंगठा उठवला. त्यात काय लिहिलंय हे त्यांना वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. त्यातच १९७२चा दुष्काळ आला. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरी मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या वर्षी चेचलं ते पुन्हा सरळ आलंच नाही. लोक पोट कसं भरायचं या विवंचनेत असताना खाली धरण उभं राहत होतं. १९८० साली ते पूर्ण झालं आणि गाव उठलं. वासे, चौकटी, दारं बैलगाडीत घालून माणसं नव्या गावठाणात आली. देऊळ पाण्याखाली गेलं.

उजनीनं सोलापूर जिल्ह्याचं भलं केलं, यात मला शंका नाही. उसाचे मळे, साखर कारखाने, शहरांचं पिण्याचं पाणी हे सगळं त्या पाण्यावर उभं आहे. पण तुम्हा मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. ज्या मळईत आजोबा हरभरा पेरायचे, तिथल्या उथळ पाण्यात आता हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. भिगवण आणि कुंभारगावला त्यांना बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, मासेमारी करणारी मंडळी होड्यांतून पाहुणे फिरवतात. म्हणजे आमच्या घरची एक जमीन पाखरांची कधीच झाली आहे. ती आम्ही दिली नव्हती, ती गेली. वडील भिगवणला गेले की बंधाऱ्यावर बराच वेळ उभे राहायचे. पक्षी आवडायचे त्यांना. पण "विचारलं असतं तर बरं वाटलं असतं," एवढं एक वाक्य ते हमखास बोलायचे. उरलेली जमीन कुणी न्यायच्या आत आपण होऊन द्यायची, हा विचार तिथून सुरू झाला.

उरलेली जमीन म्हणजे माळ. नदीकाठ गेल्यावर पोट त्याच्यावर आलं. वडिलांनी तो नांगरला. बाजरी, हुलगा, मटकी जे येईल ते पेरलं. वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस चांगला झाला तर तीन वर्षांत एखादं पीक पदरात पडायचं, आणि पाऊस जोराचा झाला तर तीच माती ओढ्यानं वाहून जायची. सोसायटीचं कर्ज तेवढं दरसाल वाढायचं. शेवटी खाली पुनर्वसनात मिळालेल्या तुकड्यावर विहीर झाली आणि वडिलांनी माळाचा नाद सोडला. भाऊबंद हसले. पडीक ठेवलेली जमीन म्हणजे घरातल्या माणसाचा आळस, असं आमच्याकडे समजतात.

तो सोडलेला माळ आम्ही लहानपणापासून बघत आलो. आधी नुसती कुसळी उगवली. कार्तिकात तिथून चालत आलं की परकराला आणि पायांना कुसळं चिकटायची, आई एकेक उपटत बसायची. काही वर्षांनी मधूनमधून पवन्या दिसायला लागला, मग ओढ्याच्या बाजूनं मारवेल. गवत बदललं तशी जित्राबं बदलली. चंडोल तर होतेच, मग भोवत्या दिसायला लागले, थंडीत जमिनीलगत पंख पसरून गवतावरून फेऱ्या मारणारे. ससे वाढले, त्यामागं खोकड आलं. आणि एका हिवाळ्यात ओढ्याच्या कडेच्या घळीत लांडगीण व्याली.

वैशाखात या माळावर चालायचं असेल तर पायाखाली बघत चालावं लागतं. टिटवीचं घरटं म्हणजे मुरमात केलेला बोटभर खोलगा, कडेनं मांडलेले बारके खडे आणि त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत. अंड्यांचा रंग मुरमाचा, वरचे डाग मुरमावरच्या काळ्या कणांसारखे. हातभर अंतरावरून दिसत नाहीत. टिटवी ओरडत लांब पळते, पंख मोडल्याचं सोंग करते, आणि माणूस तिच्या मागं गेला की अंडी वाचतात. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, सखलात घातली की कमी, असं आमच्याकडे जुनी माणसं बघायची आणि पेरणीचा अंदाज बांधायची. हे घरटं ट्रॅक्टरच्या फाळाखाली, जेसीबीच्या पट्ट्याखाली किंवा रोपं लावण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात सारखंच जातं. शेवटच्या गोष्टीकडे मी पुढं येणार आहे.

आता लांडग्याबद्दल. वाघासाठी या राज्यात ताडोबा आहे, पेंच आहे, मेळघाट आहे. दख्खनच्या माळावरचा लांडगा हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, कायद्यानं वाघाइतकाच संरक्षित. पण तो बहुतांश राहतो अभयारण्यांच्या बाहेर, शेतकऱ्यांच्या पडीक रानात, गायरानात, धनगरांच्या मेंढरांच्या आसपास. त्याचं घर आमच्या सातबाऱ्यावर आहे. आमच्या माळावर दिवाळीपर्यंत मेंढरं बसायला येतात. धनगर वाघर लावतात, कुत्री ठेवतात, रात्रभर जागतात, तरी एखादं कोकरू जातं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ वडिलांना म्हणायचे, "त्याचा वाटा त्याला गेला, आमचा आम्हाला राहिला." हे सगळेच धनगर म्हणतील असं मी सांगत नाही. नुकसान ते नुकसानच, आणि भरपाईच्या पंचनाम्याला उशीर झाला की तो माणूस विषाची बाटली शोधतो, हेही आम्ही पाहिलं आहे. पण शतकानुशतकं लांडगा या भागात टिकला तो या माणसांच्या सोसण्यावर टिकला. त्यांना वगळून माळ राखता येणार नाही.

आपल्यापैकी काहींच्या मनात येईल की सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य आहेच, मग वेगळं काय हवं? याचं उत्तर आमच्या भागातल्या कुठल्याही पारावर मिळेल. नान्नजच्या माळावर माळढोक आहेत हे १९७२च्या सुमाराला सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी लोकांच्या नजरेला आणून दिलं. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, नर १५ किलोपर्यंत वजनाचा, आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारी, तेही उघड्या जमिनीवर. असा पक्षी जपायलाच हवा होता. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, बागायती रानं होती, आणि लाखो माणसांचे सातबारे होते. आमचाही त्यात होता. वन्यजीव कायद्यानुसार अधिसूचना निघाली की वारसाहक्क सोडून त्या जमिनीत नवा हक्क कुणाला मिळत नाही. खरेदी-विक्री अडली. मुलीच्या लग्नाला दोन एकर विकायचे तर विकता येईनात. पुढं बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या होऊन फेररचना झाली, क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं आणि आमचा माळ बाहेर पडला. तोवर माळढोक क्वचित दिसणारा पाहुणा झाला होता आणि 'अभयारण्य' म्हटलं की माणसं दार लावून घ्यायला शिकली होती.

कोकणातल्या लोकांना हीच धास्ती १९७५च्या खासगी वने संपादन कायद्यापासून आहे. त्या वर्षी ३० ऑगस्टला खासगी वनं एका दिवसात सरकारजमा झाली, आणि कोणती जमीन वन होती आणि कोणती नव्हती याचे खटले पुढं कितीतरी वर्षं चालले. सर्वोच्च न्यायालयाचा मुंबईच्या उपनगरांतल्या जमिनींबाबतचा निकाल २०१४ साली आला. १९७५च्या त्या कायद्यापासून रानात झाडोरा माजू द्यायचा नाही, नाहीतर जमीन जाईल, हे घराघरांत सांगितलं जातं. शासनाच्या हेतूबद्दल मी बोलत नाही. परिणाम एवढाच झाला की वन्यजीवांना जागा ठेवणारा शेतकरी घाबरला आणि रान साफ ठेवणारा निश्चिंत राहिला.

आमच्या घरातही ही भीती होती. वडील गेल्यावर रिवाजाप्रमाणे बहिणींनी हक्कसोडपत्र करायचं होतं. मी आणि थोरल्या बहिणीनं खालच्या बागायतीवर सह्या केल्या, माळावर केल्या नाहीत. भावाला आधी राग आला. मग तिघं एका संध्याकाळी बसून बोललो. माळाला गिऱ्हाईक होतं. मुरूम उचलणारे एक जण येऊन गेले होते, प्लॉटिंग करणारे दुसरे. भाऊ म्हणाला, "विकायचा नसेल तर नक्की काय करायचं ते ठरवा, नुसता ठेवून चालत नाही." त्याचं खरं होतं. मालक म्हातारा झाला, मुलं शहरात गेली, की नुसता ठेवलेला माळ दहा वर्षांत विकला जातो. आमच्या आजूबाजूचे सगळे तसेच गेले. म्हणून ठरलं की द्यायचा, कायमचा, कागदावर.

आणि मग कागद सापडेना.

पहिला विचार केला बक्षीसपत्राचा. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एखाद्या विश्वस्त संस्थेला माळ बक्षीस द्यावा. वकिलांनी कुळकायद्याचं कलम ६३ दाखवलं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकताही येत नाही, बक्षीसही देता येत नाही, भाडेपट्ट्यानंही नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय. संस्था शेतकरी नाही. हे कलम शेतकऱ्याची जमीन धनदांडग्यांच्या हाती जाऊ नये म्हणून आहे, ते ढिलं करा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण लांडग्यासाठी जमीन देणाऱ्यानं परवानगी कोणत्या निकषावर मागायची, हे कुठं लिहिलेलं नाही.

दुसरा विचार, काहीच न करता नुसतं राखत राहायचं. तेव्हा त्याच कायद्याचं कलम ६५ समोर आलं. लागोपाठ दोन वर्षं जमीन कसली नाही आणि त्यात धारकाचा दोष दिसला, तर शासन तिची व्यवस्था आपल्या ताब्यात घेऊ शकतं. अन्नटंचाईच्या काळात हे कलम आलं, त्याची गरज होती, आणि आज ते कुणी क्वचितच वापरतं. तरीही आमच्या माळाचं गवत कायद्याच्या नजरेत आमचा कसूर आहे, हे वाचून भाऊ गप्प झाला.

एका कार्यालयात आम्हाला नम्रपणे सांगितलं गेलं की अशा अर्जाचा नमुना नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, जमीन वनाला लागून आहे का? नाही म्हटल्यावर फाईल परत. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण अधिकाऱ्यानं मनापासून ऐकून घेतलं, माळ बघायलाही आले, खोकडाचं बीळ बघून हरखले, आणि त्यांची बदली झाली.

याच माळासाठी एक कागद मात्र तयार आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पडीक जमीन भाड्यानं देता येते. ऑनलाईन अर्ज आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी यासाठीची ती योजना आहे आणि मला ती चांगली वाटते. पंपाला रात्री दोन वाजता वीज आल्यावर उठणारी माणसं आमच्या घरात आहेत. माझं म्हणणं एवढंच की सौर पटलांसाठी पडीक जमीन कशी घ्यायची हे शासनाला नीट ठरवता आलं, नमुना करता आला, दर लावता आला, मुदती घालता आल्या. तसंच लांडग्यासाठीही ठरवता येईल. आम्ही तर दरही मागत नाही.

कायदा मुळात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीनं ३६-अ ते ३६-ड ही कलमं आली. सरकारी जमिनीसाठी संवर्धन राखीव, आणि खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी समुदाय राखीव. एखाद्या समाजानं किंवा एखाद्या व्यक्तीनंसुद्धा स्वखुशीनं वन्यजीव राखायचं ठरवलं, तर तिची जमीन राज्य शासन समुदाय राखीव म्हणून घोषित करू शकतं. मालकी मालकाकडेच राहते. एकदा घोषणा झाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणजे उद्या आमच्या नातवंडांनी विकायचं म्हटलं, तरी माळ माळच राहील. आम्हाला हवं ते हेच. आग लावायला, विष टाकायला बंदी. आणि अभयारण्यात चराईवर बंधन घालणारं पोटकलम समुदाय राखीव क्षेत्राला लावलेलं नाही, त्यामुळं मेंढरं येत राहू शकतात. पूर्वी व्यवस्थापन समितीची रचना गावाच्या जमिनीचा विचार करून केलेली होती, एकट्या मालकाचं काय ते स्पष्ट नव्हतं. तीही उणीव २०२२च्या दुरुस्तीनं भरून काढली. खासगी जमीन असेल तर समितीत जमीनमालक, वन विभागाचा प्रतिनिधी आणि पंचायत राज संस्थेचा प्रतिनिधी. इतकं सगळं केंद्रानं करून ठेवलं आहे.

महाराष्ट्रानं आंबोली-दोडामार्ग, तिलारी, जोर-जांभळी, विशाळगड अशी एकापाठोपाठ एक संवर्धन राखीव क्षेत्रं केली. ती सरकारी वनजमिनीवर. सह्याद्रीसाठी ते फार मोलाचं काम झालं आणि त्याचं श्रेय या मंडळाला आहे. देशातली समुदाय राखीव क्षेत्रं मात्र बहुतांश मेघालय आणि नागालँडमध्ये आहेत, जिथं जमीन मुळातच गावाची आणि कुळाची असते. तिथल्या लोकांना जे जमलं ते दख्खनच्या सातबाऱ्यावर कसं बसवायचं, हा प्रश्न आपला आपण सोडवायला हवा.

सोडवणारे आहेत. पंजाबात गुरदासपूरजवळ केशोपूर छंब नावाची पाणथळ आहे, सुमारे ८५० एकरांची, पाच गावांच्या पंचायतींच्या मालकीची. गावांनी ती राखायचं ठरवलं, २००७ साली तिला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि २०१९ साली ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली. शेती, मासे, शिंगाडे आणि हिवाळी पाहुणे सगळं एकाच पाण्यात.

अमेरिकेत न्यू जर्सीला बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथून जवळच ग्रेट स्वॅम्प नावाचं राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. १९५९ साली त्या दलदलीत आणि शेतांवर मोठा विमानतळ करायचं घाटत होतं. स्थानिकांनी वर्गणी गोळा केली, तुकड्या-तुकड्यानं सुमारे ३,००० एकर जमीन विकत घेतली आणि केंद्र सरकारला दान दिली. नोव्हेंबर १९६०मध्ये ते आश्रयस्थान झालं. लोकांनी धडपड केली हे खरं, पण त्या दानाला 'आम्ही स्वीकारतो' म्हणणारं खातं तिथं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि न्यूझीलंडचा दाखला तर आमच्यासारख्यांसाठीच आहे. गॉर्डन स्टीफन्सन हा वायकाटो भागातला दूधवाला शेतकरी. त्याच्या रानात मूळच्या जंगलाचा एक तुकडा उरला होता. तो विकायचा नव्हता, सरकारलाही द्यायचा नव्हता, फक्त आपल्यानंतर कुणी तोडू नये एवढीच इच्छा होती. त्याच्यासारख्यांच्या रेट्यानं १९७७ साली तिथं कायदा होऊन क्वीन एलिझाबेथ द्वितीय नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला. शेतकरी आणि ट्रस्ट यांच्यात करार होतो, तो जमिनीच्या दस्तावर चढतो, पुढच्या प्रत्येक मालकाला बांधून ठेवतो, आणि जमीन शेतकऱ्याचीच राहते. पहिला करार स्टीफन्सनच्याच रानाचा. आज असे ५,०००च्या वर करार आहेत, त्यांतून सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर जागा राखली गेली आहे. एकाही शेतकऱ्याची जमीन हिसकावून न घेता.

आपल्याकडे दानाची जमीन स्वीकारण्याचा अनुभव नाही असंही नाही. १८ एप्रिल १९५१ला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले, आणि ते स्वीकारणारे विनोबा रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. मागाहून राज्याराज्यांत भूदानाचे कायदे झाले, मंडळं झाली, दानपत्रांचे नमुने झाले. पुष्कळ दानं कागदावरच राहिली, हेही खरं. २०१३ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ग्रामदान कायद्याखाली आपली सगळी खासगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावावर केली. आणि त्याहीआधी कित्येक शतकं कोकणात, मावळात गावोगाव देवराया होत्या. काळकाईच्या, वाघजाईच्या नावानं ठेवलेलं रान कुणी तोडत नसे. आमच्या कोरडवाहू पट्ट्यात देवराया कमी, पण बिरोबाच्या आणि खंडोबाच्या माळावर कुऱ्हाड न चालवणारी गावं आहेत.

म्हणून आपल्याकडे मागणं असं. कलम ३६-क खाली खासगी जमीन देऊ करणाऱ्या शेतकऱ्यासाठी मराठीत एक पानी अर्ज ठरवा. तो वनपरिक्षेत्र कार्यालयात मिळावा, तिथंच दाखल व्हावा, आणि त्यावर ठरावीक मुदतीत लेखी उत्तर यावं, नकार असला तरी कारणासह. माळ वनाला लागून नाही या एका कारणानं तो बाद होऊ नये. लांडगा वनाला लागून राहत नाही. महसूल विभागाशी बोलून अशा जमिनीची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवावी, म्हणजे ती कलम ६५च्या अर्थानं कसूर ठरणार नाही आणि विकत घेणाऱ्यालाही आधीच कळेल. ज्यांना संस्थेला बक्षीसपत्र करायचं आहे त्यांच्यासाठी कलम ६३ची परवानगी कोणत्या अटींवर मिळेल हे जाहीर करावं. अटी कडक ठेवा: जमीन बिगरशेती होणार नाही, बांधकाम होणार नाही, संस्था मोडली तर जमीन ग्रामपंचायतीकडे किंवा शासनाकडे जाईल. त्या अटींना आमची ना नाही.

आमच्याही अटी आहेत, त्या लपवत नाही.

माळावर झाडं लावायची नाहीत. हे मी हात जोडून सांगते. गवताळ माळ म्हणजे उजाड जागा असं धरून कित्येक ठिकाणी त्यात चर खणले गेले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. झाडं जगली तिथं माळढोकाला, धाविकाला, काळविटाला लागणारं मोकळं रान गेलं. झाडं जगली नाहीत तिथं नुसते चर राहिले आणि त्यात वेडी बाभूळ आली. आमच्या माळावर कुणी काही करायचंच असेल तर ती वेडी बाभूळ मुळासकट काढावी.

दुसरं, मेंढरं बंद करायची नाहीत. किती, कधी, कुठल्या बाजूला, हे धनगरांना बरोबर बसवून ठरवू. पिल्लांच्या दिवसांत घळीची बाजू सोडायची, टिटवीच्या दिवसांत वरचा उंचवटा सोडायचा, एवढं ते आताही पाळतात. आणि लांडग्यानं मेंढरू नेलं तर पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई हंगाम संपायच्या आत हातात पडावी. गवत कापायला मात्र आम्ही दरवर्षी थोडा भाग देत आलो आहोत, दुष्काळात जास्त. तो हक्क गावाचा राहावा.

तिसरं, आमच्या जमिनीमुळं शेजाऱ्याच्या बांधावर कोणतंही बंधन येऊ नये. त्यांना विहीर पाडायची असेल, घर बांधायचं असेल, जमीन विकायची असेल, तर आमचं राखीव क्षेत्र त्यांच्या आड येता कामा नये. १९७९ सालच्या आठवणी ताज्या आहेत. गावाला हा शब्द लेखी मिळाला नाही तर आम्हीच अर्ज मागं घेऊ, कारण शेजाऱ्यांशी वैर घेऊन लांडगा जगवता येत नाही. गावात आम्ही याबद्दल ग्रामसभेत बोललो आहोत. विरोध झाला नाही, प्रश्न पुष्कळ आले, आणि सगळे प्रश्न याच एका मुद्द्याभोवती फिरत होते.

कुणी म्हणेल, २२ एकरांत लांडगा मावतो का? नाही मावत. लांडगा रात्रीत कितीतरी कोस चालतो. पण पिल्लं घालायला त्याला एक शांत घळ लागते, आणि दिवसा पडून राहायला थोडं उंच गवत. तेवढं आमच्याकडे आहे. आमच्या तालुक्यात, शेजारच्या कर्जतमध्ये, श्रीगोंद्यात, पलीकडे इंदापूर-दौंडात असे माळ अजून लोकांकडे आहेत. त्यांतल्या काही जणांना आमच्यासारखंच वाटतं, हे मला बोलताना कळलं आहे. ते वाट बघताहेत की आमचं काय होतंय. एकाचं काम सुरळीत झालं तर दहा जण येतील, आणि एकाची फाईल तीन टेबलांवर फिरून परत आली तर त्या दहांचे माळ मुरूमवाल्याकडे जातील.

या पत्रासोबत सातबारा आणि आठ-अचे उतारे, मोजणीचा नकाशा, तिघा भावंडांचं संमतीपत्र आणि ग्रामसभेच्या चर्चेची नक्कल मंडळाच्या सचिवांकडे पाठवते आहे. पहिली विनंती एवढीच की वन विभाग आणि महसूल विभाग यांनी मिळून माळाची संयुक्त पाहणी करावी. पाऊस उघडल्यावर, आश्विनाच्या सुमारास यावं. तेव्हा गवत उभं असतं आणि मेंढरंही माळावर असतात, म्हणजे धनगरांशीही त्याच वेळी बोलता येईल. तारीख आठ दिवस आधी कळवली तर सरपंच, शेजारचे खातेदार आणि आम्ही तिघंही हजर राहू. मुक्कामाची आणि जेवणाची सोय आमच्या घरी आहे.

कळावे,

आपली,
उजनी धरणग्रस्त शेतकरी कुटुंबातील एक खातेदार
(तिघा भावंडांच्या वतीनं)
ता. करमाळा, जि. सोलापूर